नर्सरीचं ‘खाद्यबाग’ पॅकेज: रोपं घ्या, देखभालीचा करार मात्र आधी वाचा

पुणे परिसरातल्या बाणेर, वारजे, तळेगाव या भागात रो-हाउसचा ताबा मिळायच्या आतच बागवाल्यांची माहितीपत्रकं दारात येऊन पडतात. हल्ली त्यांत शोभेची आणि खाण्याची झाडं एकत्र लावून देणारं एक पॅकेज असतंच. कुणी त्याला ‘खाद्यबाग’ म्हणतं, कुणी ‘एडिबल लँडस्केप’. आतला मजकूर जवळपास तोच: दोन-तीन फळझाडं, कुंपणाला करवंद, कढीपत्ता, गवती चहा, वाफ्यात हळद आणि अळू, मधे मेक्सिकन लॉन, ठिबक आणि वर्षभराची देखभाल. हे परीक्षण या पॅकेजचं आहे, एखाद्या नर्सरीचं नव्हे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. आराखडा चांगला, रोपं बरी, माती कामचलाऊ, पाण्याची व्यवस्था चुकीची. देखभाल तर शोभेच्या बागेचीच, नुसतं नाव बदललेली.

यातली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे करवंदाचं कुंपण. एरवी याच जागी ड्युरांटा लावतात, आणि त्याची पिवळी फळं विषारी असतात. करवंदाची रोपं अडीच फुटांवर लावली, पहिला उन्हाळा पाणी दिलं, की पुढे त्याच्याकडे फारसं बघावं लागत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात मिळाली तर लोणच्याचीही सोय झाली. अडचण येते ती कात्रीची. माळी ड्युरांटाच्या सवयीने दर महिन्याला कुंपण सपाट कापतो, फुलांच्या काड्या त्यातच जातात आणि मग ‘आमच्याकडे करवंद लागतच नाही’ ही तक्रार सुरू होते. छाटणी वर्षातून एकदाच, फळं संपल्यावर जून-जुलैत. नोव्हेंबरपासून मे संपेपर्यंत कात्री बंद. आणि काटे लक्षात घेता मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेला करवंद नकोच.

लिंबाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण जवळपास प्रत्येक आराखड्यात ते लॉनच्या कडेलाच काढलेलं असतं. चित्रात छान दिसतं. पण लॉनला रोज पाणी लागतं आणि लिंबाला बहार धरण्यासाठी ताण लागतो. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांसाठी, एप्रिल-मेमध्ये आणि हस्त बहारासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या फुलांसाठी, पाऊस सरताना पाणी तोडावं लागतं. तुषार सिंचनाचे फवारे खोडावर पडत असतील तर झाड पालवी देत राहतं, फूल धरत नाही. त्यातच खोड सतत ओलं राहून सालीतून डिंक गळायला लागतो. हा डिंक्या रोग, आणि तो बुरशीमुळे येतो. बोर्डो मलम (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत लावतात. घरच्या एका झाडाला त्याचा दहावा हिस्साही पुरून उरेल. पण पाणी तसंच पडत राहिलं तर मलमाचा उपयोग नाही.

म्हणून ठिबकाच्या आराखड्यात फळझाडांची नळी वेगळी आणि तिचा व्हॉल्व्हही वेगळा असला पाहिजे. १६ मिमीची नळी, ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, दोन्ही खोडापासून दीड-दोन फूट लांब. पॅकेजमध्ये बहुतेक वेळा सगळी बाग एकाच व्हॉल्व्हवर आणि एकाच टायमरवर असते. एक जादा व्हॉल्व्ह म्हणजे फार मोठा खर्च नव्हे, पण तो तुम्ही मागितल्याशिवाय कुणी बसवत नाही. बोअरचं पाणी असेल तर फिल्टरही मागा आणि तो महिन्याला स्वतः उघडून धुवा. क्षाराने ड्रिपर बुजले की झाड वाळेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

मातीबाबत एकच गोष्ट तपासा: वरच्या लाल मातीखाली काय आहे? नव्या सोसायटीत खाली सिमेंटचा राडारोडा असतो आणि त्यावर अर्धा फूट लाल माती पसरून ‘माती बदलली’ असं बिलात लिहितात. लॉन त्यावर तगतं. लिंबाची नवी पानं मात्र पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुन्यामुळे मुळांना लोह घेता येत नाही, त्याची ही खूण. वरून फेरस सल्फेट फवारून तात्पुरता रंग येतो, इतकंच. फळझाडाचा खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल हवा. निघालेला राडारोडा बाहेर टाकायचा आणि खड्ड्यात चांगली माती, १५-२० किलो मुरलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड भरायची. भरण्याआधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर तिथे पपई लावूच नका. पपईच्या बुडाशी पाणी साचलं की ती दोन दिवसांत मान टाकते.

वाफ्यातल्या झाडांमध्ये अळूची सगळ्यात जास्त काळजी घ्या. नर्सरीत भाजीचं अळू, वडीचं अळू, काळ्या पानांचं शोभेचं अळू आणि कॅलेडियम (अळूसारखंच, रंगीत पानांचं शोभेचं झाड) एकाच रांगेत उभे असतात, आणि वाफा भरणाऱ्या पोराला त्यातला फरक माहीत असेलच असं नाही. शेवटची दोन ताटात येता कामा नयेत. वाफ्यातली अळूची जागा मोकळी ठेवायला सांगा आणि कंद ओळखीच्या घरून किंवा भाजीवालीकडून आणून स्वतः लावा. याच कारणाने कण्हेर आणि पिवळी कण्हेर या बागेत नको. रंगासाठी दोन्ही सुचवल्या जातात आणि दोन्ही विषारी आहेत. लालच रंग हवा असेल तर लाल माठ पेरा. महिन्याभरात भाजी निघते, आणि अर्धा वाफा पंधरा दिवस उशिरा पेरला तर वाफा कधीच बोडका दिसत नाही.

हळद कर्दळीसारखी दिसते, अर्धवट सावलीत चालते, पानं पातोळ्यांना येतात. पण माहितीपत्रकातला फोटो सप्टेंबरचा असतो. डिसेंबरनंतर पानं वाळतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढली की पाऊस येईपर्यंत तिथे नुसती माती. तेव्हा हळद दर्शनी वाफ्यात लावू नका, मागच्या अंगणात लावा. गवती चहा पायवाटेपासून दोन फूट आत, कारण त्याच्या पात्याने पोटऱ्या चिरतात. शेवगा फाटकाजवळ तर नकोच: फांदी ठिसूळ, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे थवे बसतात, त्यांच्या केसांनी अंगाला खाज सुटते. पुदिना कुंडीत ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी वाफा त्याचाच. कमानीवर मधुमालतीऐवजी तोंडलीचा वेल सुचवणारी नर्सरी दिसली तर तिथे काम देऊन टाका, तिला विषय कळतो. तो बियांपासून नाही, तीन-चार डोळ्यांच्या काडीपासून लावतात.

आता देखभालीचा करार. लिंबू आणि कढीपत्ता, दोन्हींवर एकाच फुलपाखराची अळी येते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. चार अळ्या हाताने वेचल्या की काम संपतं. कराराचा माणूस मात्र गुलाबाचा पंप घेऊन येतो आणि त्यातलंच इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक कढीपत्त्यावर मारून जातो. ते आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाडाच्या रसात जातं. पानं धुऊन ते निघत नाही, आणि कढीपत्ता तर आपण रोज तोडतो. करारात स्पष्ट लिहून घ्या: खाण्याच्या झाडांवर आंतरप्रवाही औषध नाही, फक्त ५ टक्के निंबोळी अर्क, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी कळवायचं. लॉनमधल्या तणावर तणनाशकही नाही, वाऱ्याने ते वेलांवर उडतं. नर्सरीतून आलेल्या रोपांवरही आधी फवारणी झालेली असते, त्यामुळे पहिला दीड महिना जुनी पानं तोडू नका. या अटी मान्य नसतील तर देखभाल वगळून बाकीचं काम घ्या आणि तासावारी येणारा माळी शोधा.

दर चौरस फुटावर लावतात, हीसुद्धा एक गोम आहे. त्यामुळे सगळ्यात स्वस्तात पसरणारी वस्तू, म्हणजे लॉन, आराखड्यात वाढत जाते. खड्डे, माती, रोपं (जातीच्या नावासकट), ठिबक आणि देखभाल यांचं कोटेशन वेगवेगळं मागा. लिंबाला ‘साई सरबती’, पेरूला ‘सरदार’ असं नाव लिहून घ्या. नुसतं ‘लिंबू’ लिहिलं असेल तर काय येईल सांगता येत नाही. ‘मेलेलं रोप बदलून देऊ’ ही हमी बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांची असते. जूनमध्ये लावलेलं रोप सप्टेंबरपर्यंत पावसावर कुठेही जगतं, ते मरतं एप्रिलमध्ये. हमी पुढच्या जूनपर्यंतची मागा.