गाडीचा स्प्रे भिंतीवर: ४०० मिलिच्या देशी डब्याचा हिशेब

बडोद्यात ग्राफिटीला हात घालणारा नवखा माणूस पहिला डबा घेतो तो बहुधा गाड्यांचे टचअप रंग ठेवणाऱ्या दुकानातून. ४०० मिलि, आत अ‍ॅक्रिलिक लॅकर, दाबाला एलपीजी, किंमत साधारण २०० ते २५० रुपये. खास ग्राफिटीसाठी बनवलेला बाहेरचा डबा याच्या तिप्पट-चौपट पडतो. शिवाय तो ज्वालाग्राही माल, कुरिअरवाले विमानाने आणत नाहीत, म्हणजे वाट बघत बसा. मग स्वस्त डब्यात काम भागतं का? भरायला भागतं. रेघेला नाही.

हा डबा बनलाय मडगार्डवर एकसारखा थर बसावा म्हणून. दाब जास्त, फवारा पसरट. २० सेंटिमीटरवरून मारला की चांगला चार बोटं रुंद पट्टा पडतो आणि त्याच्या कडा धुरकट येतात. डबा भिंतीजवळ नेला तर रेघ बारीक होते खरी, पण रंग त्याच जोराने येत राहतो आणि क्षणात ओघळ सुटतो. ग्राफिटीच्या डब्यात दाब कमी असतो आणि त्यावर बारीक तोंडाची स्किनी कॅप बसते. ती कॅप घेऊन या डब्यावर लावू म्हणाल, तर आधी डब्याचं बटण उपसून बघा. त्या कॅपला खाली दांडी असते आणि ती व्हॉल्व्हच्या भोकात जाते. आपल्याकडच्या पुष्कळ डब्यांत दांडी व्हॉल्व्हलाच असते, तिथे ती कॅप बसणारच नाही.

न्यूयॉर्कच्या पोरांपुढेही हीच अडचण होती. ‘टाकी १८३’ हे टोपणनाव शहरभर लिहीत फिरणाऱ्या पोराची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने २१ जुलै १९७१ ला छापली तेव्हा नावं लिहिली जात होती ती मुख्यतः मार्करने. पुढे स्प्रे हातात आला, तोही लोखंडाला आणि घरगुती सामानाला मारायचाच. मग ओव्हन साफ करायच्या फेसाच्या डब्यांची बटणं काढून रंगाच्या डब्यांना लावली गेली, फवारा रुंद झाला आणि त्याबरोबर अक्षरंही फुगली. ग्राफिटीसाठी म्हणून डबे काढणारी बार्सिलोनाची मॉन्टाना कलर्स सुरू झाली १९९४ साली. तोवर न्यूयॉर्कच्या सबवे रेल्वेच्या डब्यांवरून ग्राफिटी पुसलीही गेली होती. म्हणजे ब्राँक्स-ब्रुकलिनची ती सगळी शैली हार्डवेअरच्या रंगावरच उभी राहिली. अक्षराभोवतीची जाड आउटलाइन ही नुसती हौस नव्हे, फिलची, म्हणजे अक्षरात भरलेल्या रंगाची, धुरकट कड तिच्याखाली झाकली जाते.

फुगलेल्या रोमन अक्षरांत हे खपून जातं. देवनागरीत फजिती होते. ‘बडोदा’ लिहायला घ्या: ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ आणि पोट मिळून एकच गोळा होतो. या डब्याने अक्षराची उंची ७०-८० सेंटिमीटरच्या खाली नेऊच नका. शिरोरेषा तर परीक्षाच घेते. मनगट फिरवून मारली की हात कमानीत जातो, दोन्ही टोकांना डबा भिंतीपासून लांब होतो, रेघ मध्ये गडद आणि टोकांना पसरट, फिकी. हात ताठ ठेवायचा आणि आपण सबंध बाजूला सरकायचं. सरकायला लागल्यावर बटण दाबायचं, थांबण्याआधी सोडायचं. तरी जमत नसेल तर फिल स्प्रेने करून आउटलाइन एक इंची ब्रशने काळ्या ऑईल पेंटची मारा. कट्टर मंडळी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

लॅकरवर ऑईल पेंट चालतो, उलटं चालत नाही. दुकानाचं शटर बहुतेक ऑईल पेंटचं असतं. त्यावर हा स्प्रे भरपूर मारला की लॅकरमधला थिनर खालचा रंग फुगवतो आणि पाच मिनिटांत सुरकुत्या येतात, दुधावरच्या सायीसारख्या. कोपऱ्यात वीतभर मारून अर्धा तास थांबा, मगच पुढे जा.

भिंतीला तळवा घासून बघा. पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा डिस्टेंपर. त्यावर कितीही भारी डबा मारा, पहिल्या पावसात पापुद्रे निघतील. खरवडा, झाडा, एक्स्टिरियर प्रायमरचा रोलर फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. नवा गिलावा असेल तर महिनाभर हातच लावू नका, सिमेंटमधला क्षार रंग खातो. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं पाहून आलेल्याला हे सांगायला नको: आधी गिलावा, मग रंग.

दोन हात देऊन एका डब्यात सव्वा-दीड चौरस मीटर निघतं. पण रंगारंगात फरक आहे. काळा आणि चंदेरी एका हातात झाकतात. चंदेरीत अ‍ॅल्युमिनियमची चकती-चकती असते, ती खालचं काही दिसू देत नाही. पिवळा, नारिंगी आणि लाल काळपट भिंतीवर तीन हात मागतात, त्यापेक्षा खाली पांढरा देणं स्वस्त. छटा सगळ्या गाड्यांच्याच. फिका जांभळा किंवा पिस्ता मागू नका.

हवामानाचं म्हणाल तर उत्तरायणाच्या आसपासचे दिवस सोन्यासारखे. मे महिन्यात दुपारी थेंब भिंतीपर्यंत पोचेतोवर हवेतच वाळतात, हात फिरवला तर खरखर लागते. तेव्हा सकाळी नवाच्या आत उरका. पावसाळी दमटपणात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि काळ्या रंगावर दुधी धुकं येतं. सलग मारत राहिलं तर डबाही गार पडून दाब उतरतो, म्हणून दोन डबे आलटून-पालटून वापरा. उन्हात, गाडीच्या काचेमागे डबा कधीच ठेवू नका. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो. आणि कापडी मास्क थिनरच्या वाफेला काही करत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला घ्या.

काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत बटण दाबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोंड बंद. बंद झालंच तर बटण थिनरमध्ये भिजवा. सुई घालू नका, भोक वाकडं होतं आणि मग ते रंग थुंकतं.

घेताना दुकानातच डबा हलवा. आतली गोळी लगेच खडखडली पाहिजे. दहा-बारा झटक्यांनंतरही आवाज आला नाही, तर रंग तळाशी बसून घट्ट झालाय; तो डबा काउंटरवर ठेवा आणि दुसरा मागा.