क्रेटमध्ये तिळ्याचे सात महिने

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मामाच्या मळ्यातून आठ आठवड्यांचं गावठी पिल्लू आणलं, म्हणून नाव तिळ्या. त्याच्या आधी दोन दिवस क्रेट, म्हणजे कुत्र्याने झोपायचा पिंजरा, येऊन पडला होता. 36 इंची, घडीचा, लोखंडी जाळीचा, खाली प्लास्टिकचा ट्रे. साडेचार हजारांच्या आसपास पडला. आता ऑगस्ट उजाडलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

पहिली रात्र पार फसली. क्रेट पुढच्या खोलीत ठेवला, दार लावलं आणि आम्ही आत जाऊन झोपलो. आदल्या रात्रीपर्यंत जे आई आणि चार भावंडांच्या ढिगात झोपत होतं, ते पिल्लू असं एकटं राहील कसं? दोन तास रडलं. शेवटी मीच उठून दार उघडलं आणि ते अगदी टिपेला पोचलेलं असताना. म्हणजे भरपूर रडलं की दार उघडतं, हा धडा मीच दिला. सकाळी आजीने अहिराणीत हजेरी घेतली, "काय रे, तेले जेलमा कोंडी दिन्हं का?"

दुसऱ्या रात्री क्रेट माझ्या पलंगाला लावून पाटावर ठेवला, त्याच्या डोळ्यांना माझं तोंड दिसेल एवढ्या उंचीवर. मळ्यावरून मामाने त्याच्या आईच्या अंगाखालचं गोणपाट पाठवलं होतं, ते आत टाकलं. कुरकुर सुरू झाली की जाळीतून दोन बोटं आत घालायची, बोलायचं काही नाही. बोट चाटत चाटत वीस मिनिटांत झोपला. पुढे आठवडाभराने पाट काढला, मग रोज थोडं थोडं करत क्रेट दाराकडे सरकवला.

रात्रीच्या शूचं गणित मात्र घड्याळावरच बसवावं लागलं. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवला की तेवढे तास ते फार तर कळ काढतं, असा ढोबळ हिशेब आहे. दोन महिन्यांचं, म्हणजे तीन तास. त्याने रडून उठवायच्या आत मीच साडेबाराला आणि साडेतीनला गजर लावून त्याला उचलून न्यायचो. लसी पूर्ण व्हायच्या होत्या आणि पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून रस्त्यावर नाही, अंगणातल्या कडुनिंबाखालीच. जानेवारीची थंडी, अंगावर घोंगडी, हातात ते गरम गाठोडं. दिवा नाही, लाड नाही, खेळ तर नाहीच. झालं की परत आत. चौथा महिना सरता सरता तो सकाळपर्यंत थांबायला लागला.

दुसरी चूक पार्टिशनची. क्रेटसोबत जाळीची एक आडवी फळी येते, ती मी माळ्यावर टाकली होती. कशाला, मोकळं फिरू दे! तर हा पठ्ठ्या एका कोपऱ्यात मुतायचा आणि दुसऱ्यात कोरडा झोपायचा. उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा ठेवली, तेव्हा कुठे तो कळ काढायला शिकला. फिनेलही बंद केलं. ते कुत्र्याच्या पोटात गेलं तर विषारी, आणि हा तर ट्रे चाटायचा.

फेब्रुवारीत एकदा मध्यरात्री घुंगरांचा विचित्र खडखडाट झाला. दिवा लावला तर पट्ट्याचं घुंगरू जाळीत अडकलेलं, आणि हा मागे ओढतोय तसा पट्टा आवळतोय. माझे हात थरथरत होते, बकल निघेना. त्या रात्रीपासून आत जाताना गळा मोकळा. कंपनीच्या कागदावर हे ठळक छापायला हवं होतं, माझ्या कागदावर तरी नव्हतं.

वस्तूबद्दल बोलायचं तर जाळी दणकट आहे, घडी दोन मिनिटांत होते. कडी मात्र सैल. आमचं घर अमळनेरला रुळांजवळ, मालगाडी गेली की सगळा क्रेट किणकिणायचा आणि पिल्लू दचकायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कडीला गुंडाळली, आवाज गेला. दिवसा जेवण आतच, दार उघडं ठेवून. मी भाकरीचा तुकडा आत फेकायचो, तो जायचा, खायचा, बाहेर यायचा. रागाच्या भरात मात्र एकदाही आत कोंडलं नाही.

उन्हाळ्यात सगळं बदलावं लागलं. खानदेशातला मे म्हणजे पारा 44-45 वर, आणि पश्चिमेची भिंत रात्री बारापर्यंत गरम. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. म्हणून थंडीत क्रेटवर घातलेली चादर काढली, क्रेट भिंतीपासून दूर ओढला, ट्रेच काढून टाकला आणि त्याला थेट फरशीवर झोपू दिलं. कूलर होताच, पण समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत दमट वाफ कोंडते आणि दमट हवेत धापा टाकूनही फारसं निभत नाही. दार एप्रिलपासून उघडंच आहे. लाइट गेली की तो आपणहून आत जाऊन बसतो, आणि आजी क्रेटला "तेन्ही खोली" म्हणते.

लॅब्रेडॉर पाळणार असाल तर हे माप पुढे अपुरं पडेल, 42 इंची घ्या. दिवसभर घर बंद ठेवून पिल्लू कोंडायचा विचार असेल तर घेऊच नका.

ट्रेचा कोपरा मार्चमध्ये तडकला. तक्रार केली, फोटो पाठवले. बदलून काही आलेला नाही.