स्वमग्न लेकराच्या आई-बापांनी मन कुठं मोकळं करावं : जिल्ह्याची ओपीडी की १४४१६?

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या लेकराच्या थेरपीबद्दल पुष्कळ बोललं जातं. त्याला सांभाळणाऱ्याची झोप उडाली, जेवण जाईना, उगाच डोकं तापायला लागलं, तर खेड्यात फुकटचे रस्ते मुख्यतः दोन : जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा, नंबर १४४१६. मी दोन्ही करून पाहिले.

दवाखान्यात डॉक्टर समोर बसून चेहरा पाहतात, गोळी लागली तर तिथंच मिळते. मला गुण आला, नाही म्हणणार नाही. पण ओपीडी सकाळची. पोराला ठेवायचं कोणाजवळ? म्हणून तो सोबत. एसटीत खिडकी मिळाली की खुश असतो. रांगेत मात्र नंबर पुकारला की दोन्ही कानांवर हात, मग किंचाळणं. बाकावरून सल्ला येतो, "नजर लागली असन, महाराजाले दाखवून आना." आत गेलो तर हा टेबलाचा ड्रॉवर उघड-बंद करतोय. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काय होतं?" आणि मी ड्रॉवरमधून त्याची बोटं सोडवतोय. माझं बोलणं राहिलं ते राहिलंच. माझं ठरलं ते इथंच.

टेली-मानस १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. चोवीस तास, मराठीतही. आधी समुपदेशक ऐकून घेतो, गरज पडली तर तज्ज्ञाशी जोडून देतो. रब्बीत शेतीची लाईट रात्रीची असली की हरभऱ्याच्या ओलिताला मी वावरात असतो. स्प्रिंकलरचे पाइप पलटवायला अवकाश असतो, तेवढ्यात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून बोलून घेतो. पोरगा घरी झोपलेला, कोणाला पत्ता नाही. चेहरा दिसत नाही, हे आहेच.

बायकोचं मत वेगळं. तिला धुरा कुठला? घरात भिंतीपलीकडं सासू. दवाखान्याच्या निमित्तानं बाहेर तरी पडता येतं, असं ती म्हणते. तेही खोटं नाही.

गोळ्या चालू असतील तर दवाखाना सोडू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच घटकेला १४४१६ लावा, घरच्या कोणाला तरी जवळ बसवा, आणि लागलीच दवाखाना गाठा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं स्वमग्नता दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत धरली आहे. दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी पोराला न्यावंच लागतं. त्या दिवशी घरचं एक माणूस जास्त न्या. ते पोराला सांभाळेल, तुम्ही मानसोपचारात स्वतःच्या नावानं चिठ्ठी काढा. एरवी मी तरी फोनच लावतो.