ब्रोकरशी वाद आणि वाशीच्या वकीलबाई : केस संपल्यानंतरचा अनुभव

नेरुळच्या सब-ब्रोकरने बाबांच्या खात्यात परस्पर ऑप्शनचे (शेअर बाजारातले जोखमीचे वायदे-करार) सौदे केले आणि रिटायरमेंटच्या पैशांना मोठी कात्री लागली. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या 'स्कोअर्स' या तक्रार पोर्टलवर तक्रार मीच टाकली. ती फुकट असते, वकील लागत नाही. ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते आलं, "सर्व सौदे ग्राहकाच्या संमतीनेच." मग स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद-निवारण पोर्टलवर (आधी समेट, मग लवाद) जायचं ठरलं आणि वकिलाची शोधाशोध सुरू झाली.

वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे सगळा मामला ओळखीवर. ठाण्यात एक 'कन्सल्टंट' भेटले: "पैसे सुटले तर वीस टक्के, नाहीतर काही नको." वकिलाला अशी टक्केवारी घ्यायला मनाई आहे, म्हणजे हे गृहस्थ वकील नव्हतेच. शेवटी आमच्या सीएने वाशीच्या बाईंचं नाव सुचवलं. फी टप्प्याटप्प्याने, आधीच कागदावर लिहून दिलेली.

पहिल्याच बैठकीत त्यांनी बाबांनी स्वतः सांगून केलेले सौदे बाजूला काढले. "काका, यावर भांडलो तर बाकीचंही खोटं वाटेल." उरलेल्यांवर एकच मागणी: ऑर्डरचा पुरावा दाखवा. सेबीच्या 2018 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा ब्रोकरने ठेवायचा असतो. ब्रोकरने मोठ्या दिमाखात एक रेकॉर्डिंग दिलं. डीलर (ऑर्डर टाकणारा ब्रोकरचा माणूस) म्हणतो, "काका, आज निफ्टीत थोडं केलंय हां." बाबा म्हणतात, "बरं." बाईंनी कॉन्ट्रॅक्ट नोटवरच्या (ब्रोकरने दिलेली सौद्यांची पावती) ऑर्डरच्या वेळेला पेन्सिलने गोल केला: सकाळचे 10:42. फोन बाजार बंद झाल्यावरचा! शिवाय त्यात ना स्ट्राइक (ऑप्शनची ठरलेली किंमत), ना लॉट (किती नग), ना भाव. फी वसूल झाली ती इथेच.

समेटाच्या फेरीत "ब्रोकरेज परत देतो, विषय संपवा" एवढंच निघालं. त्या दिवशी बाई स्वतः आल्या नाहीत, ज्युनिअरला बसवलं, आणि त्याला फाईल धड माहीत नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर मिळायला तर दोन-दोन दिवस. याचे गुण कापतो.

लवादाच्या ऑनलाइन सुनावणीत मात्र त्या तयारीने आल्या. समोरच्यांनी बाबांना एक्सचेंजच्या एसएमएसवरून घेरलं: मेसेज येत होते, मग गप्प का बसलात? बाई हे होणार म्हणून आधीच बजावून होत्या. लवादाने त्यापोटी रक्कम कापली. मागणीच्या निम्म्याहून थोडी जास्त मंजूर झाली. ब्रोकरला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली निकालाविरुद्ध कोर्टात जाता आलं असतं, पण ते गेले नाहीत. पैसे जमा झाले.

दावा लाखाच्या आत असेल तर वकील लावू नका. तिथे लवाद साधारणपणे कागदांवरच निकाल देतो, आणि फी परवडणारही नाही. त्याहून मोठी रक्कम असेल तर वकिलाकडे जाण्याआधी ब्रोकरकडून लेजर (खात्याचा जमा-खर्च), कॉन्ट्रॅक्ट नोटा आणि रेकॉर्डिंग ईमेलने मागून ठेवा. रेकॉर्डिंग आधी मागा, ते द्यायलाच सगळ्यात जास्त टाळाटाळ होते.