डीपीएचं प्रशिक्षण: ऑनलाइन की वर्गात बसून?

कंपनीने डीपीए (डेझिग्नेटेड पर्सन अशोर, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेसाठी जहाज आणि कंपनीचं वरिष्ठ व्यवस्थापन यांना जोडणारा किनाऱ्यावरचा माणूस) म्हणून, किंवा त्याच्या गैरहजेरीत काम पाहणारा म्हणून तुमचं नाव पुढे केलं, की ही निवड समोर येतेच. मी दोन्ही केलंय. आधी ऑनलाइन, मग दीडेक वर्षाने तीन दिवसांचा वर्ग. आयएसएम कोड (जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली), डीओसी (तिच्याखाली कंपनीला मिळणारं प्रमाणपत्र) आणि एसएमसी (जहाजाला मिळणारं) यांची तुम्हाला तोंडओळख आहे असं धरून चालतो.

ऑनलाइनला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. जहाजांचे फोन वेळकाळ बघून येत नाहीत, त्यामुळे सलग तीन दिवस टेबल सोडणं अनेकांना जमत नाही. तिथे आपल्या सोयीने थांबता येतं, कोडचं नववं (त्रुटी-अपघातांचे अहवाल) आणि बारावं (कंपनीने स्वतःची केलेली तपासणी) कलम पुन्हा ऐकता येतं. अंतर्गत ऑडिट 12 महिन्यांच्या आत, अपवादात्मक परिस्थितीत फार तर 3 महिने पुढे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते तिथेच. कोडचा मजकूर शिकायचा असेल तर ऑनलाइन कुठेच कमी पडत नाही.

मला खटकली ती एकच गोष्ट. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी चार पर्याय. ‘चीफ ऑफिसर म्हणतो ड्रिल झाली, तुम्ही काय विचाराल?’ आणि खाली चार प्रश्न आयते मांडलेले. त्यातला बरोबर प्रश्न ओळखला की पुढचं पान. मी जवळजवळ सगळे ओळखले आणि प्रमाणपत्र मिळालं.

त्यानंतरच्या पहिल्याच अंतर्गत ऑडिटला एका ज्येष्ठ ऑडिटरबरोबर जहाजावर गेलो. लाइफबोट ड्रिलची नोंद समोर होती: 16:00 ते 16:45, खाली सगळ्यांच्या सह्या. मी पान उलटलं. त्यांनी ते परत मागे घेतलं आणि शेजारी रेस्ट अवर्सचा तक्ता ठेवला. सह्या करणाऱ्यांपैकी तिघे त्याच वेळी विश्रांती घेत असल्याचं तिथे लिहिलेलं होतं. त्यांनी कुणावर आरोप केला नाही. बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या प्रमुखाला) बोलावून शांतपणे विचारलं, “त्या दिवशी बोट खाली सोडताना ब्रेकवर कोण होतं?” बोसनने नाव सांगितलं. ते त्या तिघांपैकीच एकाचं होतं.

म्हणजे ड्रिल खरी होती, विश्रांती खोटी. लागोपाठच्या बंदरांमुळे 24 तासांत किमान 10 तासांची विश्रांती हा नियम पाळला जातच नव्हता, म्हणून तक्ता जुळवला होता. आणि बंदरांचं ते वेळापत्रक आमच्याच कार्यालयात ठरलं होतं. एवढी मोठी गोष्ट माझ्या हातून एक पान उलटून निसटली असती. अशा वेळी विचारायचा प्रश्न कुणी चौकटीत लिहून देत नाही, तो स्वतःला सुचावा लागतो.

वर्गात नेमकं हेच घासून घेतलं. प्रशिक्षक कॅप्टन होऊन बसायचे आणि आम्ही एकेक जण समोर. मी विचारलं, “सगळ्या ड्रिल वेळेवर होतात ना?” ते म्हणाले, “हो,” आणि गप्प बसले. मलाही पुढे सुचेना. मग म्हणाले, “प्रश्नाला ‘ना’ जोडलात तिथेच उत्तर तुम्ही दिलंत.” तो ‘ना’ माझ्या तोंडून जायला पूर्ण दुपार लागली. एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे ऑडिटमध्ये आढळलेली त्रुटी) लिहिण्याचंही तसंच. ‘कर्मचारी निष्काळजी आहेत’ हे माझं वाक्य लाल रेघेखाली परत आलं: अपेक्षा काय होती, कुठे काय दिसलं, तेवढंच लिहा. तिसऱ्या खेपेला ते जमलं.

डीपीएच्या पात्रतेबद्दल आयएमओचं (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं) 2007 चं मार्गदर्शक परिपत्रक आहे. तपासणं, प्रश्न विचारणं, मूल्यमापन करणं आणि अहवाल देणं यांची तंत्रं त्यात कोडच्या ज्ञानाच्या जोडीने दिली आहेत. शिवाय सागरी क्षेत्रातल्या निदान एका व्यवस्थापन ऑडिटमध्ये सहभागही अपेक्षित आहे. तो ऑनलाइन आणि वर्ग, दोन्हींतून मिळत नाही. त्यामुळे काहीही निवडलंत तरी जहाजावरचे दिवस कंपनीकडे वेगळे मागून घ्या.

हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज हे प्रवासी-वाहन फेरी जहाज 6 मार्च 1987 ला पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघालं आणि उलटलं; 193 जीव गेले. दरवाजे बंद झाले की नाही हे ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) दाखवणारे दिवे त्या कंपनीच्या कॅप्टनांनी आधीच मागितले होते. किनाऱ्यावर ती मागणी उडवून लावली गेली. हा प्रसंग मी ऑनलाइनही वाचला होता. वर्गात मात्र मला कार्यालयाच्या खुर्चीत बसवलं, समोर कॅप्टनची मागणी ठेवली, आणि खर्चाचं कारण माझ्या तोंडून आपोआप निघालं. ते मी विसरू शकत नाही.

हा अनुभव एकाच वर्गाचा आहे, हे मान्य. तीस-चाळीस जण कोंबून नुसत्या स्लाइड दाखवणार असतील, तर त्यापेक्षा ऑनलाइन बरं. क्रूइंग (खलाशी नेमणूक) आणि खरेदी विभागातल्यांना, किंवा उजळणीसाठी, मीही ऑनलाइनच सुचवतो. पण जहाजांचा फोन तुमच्याकडे येणार असेल तर मी वर्गाकडे झुकेन. पैसे भरण्याआधी त्यांना दोनच गोष्टी विचारा: प्रत्येकाला समोर बसून मुलाखत घ्यायला मिळते का, आणि लिहिलेली एनसी तपासून परत देतात का.