बालपुस्तकं की संपादकीय चित्रं? फाइन आर्ट्समधून बाहेर पडणाऱ्यांसाठी

अप्लाइड आर्ट्सच्या शेवटच्या वर्षाला पोरगं पोचलं, की बडोद्यात दांडिया बाजारापासून वाघोडिया रोडपर्यंतच्या मराठी घरांत एकच चौकशी सुरू होते: जाहिरात कंपनीत जायचं नाही म्हणतोस, मग नुसती चित्रं काढून करणार काय? ज्यांना खरंच चित्रंच काढायची आहेत, त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक मुलांच्या पुस्तकांची. दुसरी वर्तमानपत्रं, मासिकं आणि बातम्यांच्या संकेतस्थळांवर लेखांसोबत येणाऱ्या चित्रांची. तिला या धंद्यात सगळे एडिटोरियल म्हणतात. दोन्हीकडचं अलीकडचं चांगलं काम शेजारी शेजारी ठेवून बघावं, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कारण निवड बहुतेक वेळा भलत्याच कारणावरून होते: "माझी चित्रं गोड असतात, म्हणजे मी बालपुस्तकांकडे जायला हवं."

गोडपणाचा इथे फारसा संबंध नाही. कॅनडाच्या सिडनी स्मिथला २०२४ चा हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. बालपुस्तकांच्या चित्रकाराला याहून मोठा मान नाही. 'आय टॉक लाइक अ रिव्हर' हे त्याचं २०२० चं पुस्तक अडखळत बोलणाऱ्या एका मुलाचं आहे. शब्द जॉर्डन स्कॉट या कवीचे. वर्गात मुलाची बोलायची पाळी येते तेव्हा समोरचं सगळं पुसट होतं. मग वडील त्याला नदीवर नेतात. तिथे त्याचा चेहरा पानभर येतो आणि ती पानं दोन्ही बाजूंना उघडली, की आत लांबच लांब चमचमतं पाणी. आधीची सगळी पानं चित्रकाराने या एका क्षणासाठी राखून ठेवली आहेत. तो उन्हाचा तुकडा नुसता फ्रेम करून भिंतीवर लावला तर छानच दिसेल, पण गळा दाटून येणार नाही.

२०२२ चा अँडरसन पुरस्कार मिळवणाऱ्या कोरियाच्या सूझी ली हिचं 'वेव्ह' हे २००८ चं शब्दावाचूनचं पुस्तक तर पुस्तक या वस्तूवरच उभं आहे. डाव्या पानावर मुलगी, उजव्या पानावर समुद्र, मधे शिवण. ती शिवण हीच किनाऱ्याची रेघ. मुलगी आधी ती ओलांडायला घाबरते, मग ओलांडते, आणि पुढे लाटही ओलांडते. छपाईतली जी जागा आपण 'इथे चेहरा येऊ देऊ नका' म्हणून टाळायला शिकवतो, तिचाच तिने खेळ केला.

आता दुसरी बाजू. २०२४ मध्ये चित्रमय वार्तांकनाचं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार, मेदार दे ला क्रूझ याला मिळालं, 'न्यूयॉर्कर' या नियतकालिकातल्या कामासाठी. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात ग्रंथालयाची पुस्तकं कैद्यांपर्यंत नेणाऱ्या माणसाची ही डायरी आहे. काळी शाई, पांढरा कागद, ठोस आणि खडबडीत रेघ. इथे वाचक मांडीवर पुस्तक घेऊन बसलेला नसतो. तो फोनवर अंगठा फिरवत असतो, आणि चित्राने त्याला तिथल्या तिथे थांबवायचं असतं. त्यासाठी रंगांपेक्षा विचार धारदार लागतो. लेखात जे म्हटलंय तेच पुन्हा काढलं, तर चित्र फुकट गेलं. महागाईवरचा लेख आणि चित्रात रिकामी पिशवी, असली चित्रं आपल्या रविवार पुरवण्यांत आपण ढिगाने पाहिली आहेत. लेखक जिथे थांबला तिथून एक पाऊल पुढचं दाखवलं, तर संपादक पुढच्या वेळी तुम्हालाच फोन करतो.

या दोन वाटांमधली भिंत फार जाड नाही. फाहमिदा अझीम २०२२ चं पुलित्झर जिंकणाऱ्या चमूत होती. विषय होता चीनमधल्या छावणीच्या बंदिवासातून सुटलेल्या एका उइघुर मुस्लिम स्त्रीची हकिकत. तिचंच २०२१ चं एक चित्रपुस्तक ईदच्याच दिवशी शाळेत वर्गाचा फोटो असल्यामुळे हिरमुसलेल्या मुलीचं आहे. हात एकच, कामाची शिस्त वेगळी. आपल्याकडे प्रिया कुरियन बघा. एनआयडी या डिझाइन संस्थेतून आलेली ही चित्रकार तूलिका या प्रकाशनासाठी आजीच्या हरवलेल्या चष्म्यावर शब्दांशिवाय अख्खं पुस्तक उभं करते, आणि २०१८ मध्ये देवप्रिया रॉय यांच्या जोडीने इंदिरा गांधींचं चित्रमय चरित्रही करते.

आणि बडोदेकरांनी 'भीमायन' तर बघायलाच हवं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांचं हे २०११ चं पुस्तक आहे. १९१७ मध्ये सयाजीरावांच्या नोकरीत रुजू व्हायला आलेल्या आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून हाकलून लावलं, तो आपल्या गावचा लाजिरवाणा प्रसंग त्यात आहे. व्यामांनी नेहमीच्या चौकटी नाकारल्या. साध्या बोलण्याचे फुगे पक्ष्यासारखे, आणि विखारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी. याला बालपुस्तक म्हणायचं की राजकीय भाष्य? दुकानदार काय ते ठरवेल. बडोद्याच्या आपल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत के. जी. सुब्रमण्यन, म्हणजे सगळ्यांचे मणिदा, फाइन आर्ट्स फेअरसाठी मुलांची पुस्तकं करत आणि आणीबाणीवरही त्यांनी असंच एक पुस्तक केलं. म्हणजे ही सरमिसळ आपल्याकडे नवी नाही.

रोजच्या कामात मात्र फरक मोठा आहे, आणि निवड खरं तर त्यावर करावी. दैनिकाचं चित्र म्हणजे सकाळी विषय, दुपारपर्यंत दोन-तीन रफ, म्हणजे कच्ची चित्रं, संध्याकाळी पक्कं काम. मासिक थोडी उसंत देतं. चित्र पसंत पडलं नाही तरी दुसऱ्या दिवशी नवा विषय असतोच, त्यामुळे जखम लवकर भरते. पुस्तकाचं तसं नाही. छपाईचा कागद दुमडून आठ किंवा सोळा पानांचा फॉर्म होतो, म्हणून चित्रपुस्तकं बहुधा चोवीस किंवा बत्तीस पानांची असतात. तेवढ्यात गोष्ट बसवायची. आधी लहान लहान चौकटींत सगळी पानं, मग डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची प्रत, मग रफ, मग रंग. यात महिने जातात. तिसऱ्या पानावर मुलीच्या फ्रॉकला खिसा असेल तर एकोणिसाव्या पानावरही तो हवा, आणि सात वर्षांचा वाचक ही चूक पकडतोच. संपादक अकराव्या पानाशी म्हणतो, इथे आजी नको, आजोबा हवेत. मग मागची पानंही पुन्हा काढा. ज्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढण्याचा कंटाळा येतो, त्यांनी बालपुस्तकांच्या नादी लागू नये. माझं हे मत अनेकांना पटत नाही, पण अर्धवट सोडलेल्या डम्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. एडिटोरियलमध्ये दर चित्रामागे रक्कम, छोटी पण वारंवार, आणि बहुतेक ठिकाणी छापून आल्यानंतर. पुस्तकात एकरकमी मानधन, कुठे कुठे वर रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा. दोन्हींवर लगेच घर चालत नाही, हे आईवडिलांना आधीच सांगून टाकावं. वसंत सरवटे जन्मभर इंजिनिअर म्हणून नोकरी करत होते आणि तरीही मराठी व्यंगचित्रांत आणि पुस्तकांच्या सजावटीत त्यांच्यासारखे तेच. नोकरी धरली म्हणजे कला सोडली, असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगावं.

सध्या ए.आय.ची भीती दोन्हीकडे आहे, पण सारखी नाही. "लेखासोबत काहीतरी लावा" या प्रकारची चित्रं आधी जातील; जायला लागलीही आहेत. ज्या एडिटोरियल चित्रात स्वतःचं मत आहे ते टिकेल असं मला वाटतं. बत्तीस पानं एकाच पात्राचा जीव सांभाळणं यंत्राला अजून जड जातंय. पण त्या भरवशावर कुणी आळशी होऊ नये.

बडोद्याच्या मराठी मुलांकडे एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या मुलांकडे सहसा नसते. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी. तूलिका किंवा प्रथम बुक्ससारखे प्रकाशक एकच पुस्तक या तिन्ही भाषांत काढतात. चित्रात मजकुराला जागा किती सोडायची, दुकानाची पाटी कोणत्या लिपीत रंगवायची की कोरीच ठेवायची, हे अशा मुलांना न शिकवता कळतं. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासूनच्या मंचावरची पुस्तकं खुल्या परवान्यावर असतात: श्रेय देऊन कुणीही ती वापरू शकतो, विकूही शकतो. नाव पोचायला याहून सोपी जागा नाही, पण पुढे त्या चित्रांवर रॉयल्टीची आशा धरू नका.

तरीही ठरत नसेल तर स्केचबुक उघडा. एकच मुलगा, एकच कुत्रा, तीच बोळ पानापानावर वेगवेगळ्या अंगाने येत असेल तर तुम्ही पुस्तकवाले. प्रत्येक पानावर नवी कल्पना आणि मागच्याशी काही देणंघेणं नाही, तर एडिटोरियल. मग एक आठवडा दोन्हीला द्या. रोज सकाळच्या पेपरातला एक लेख घेऊन मथळ्यातली एकही वस्तू न काढता संध्याकाळपर्यंत तीन रफ करा. आणि मांडवीहून सूरसागरपर्यंत एकटी निघालेली पोर, बारा जोडपानं, शब्द नाहीत, अशी डमी करा. कोणतं काम करताना जेवणाची शुद्ध राहिली नाही ते पाहा. अजूनही अडलात तर मधली वाट आहे: 'किशोर'सारखी मुलांची मासिकं आणि दिवाळी अंक. कथेला दोन-तीन चित्रं आणि काही आठवड्यांची मुदत; पुस्तकाचा धीरही लागतो आणि लेखाची नेमकी टोकदार कल्पनाही. बडोद्यात बसून हे काम सहज होतं. मी तर सगळ्यांना इथूनच सुरुवात करायला सांगतो.

काम मिळालं की करार वाचा, विशेषतः पुस्तकाचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क त्याचा धरला जाऊ शकतो. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून मुदत, प्रदेश, भाषा आणि ई-बुक ही चारही नावं घेऊन लिहून घ्या, तुमचं नाव मुखपृष्ठावर येईल हे लिहून घ्या, आणि कागदावर रंगवलं असेल तर मूळ चित्रं छपाईनंतर परत मिळतील हेही.