खोलीच खर्जात लागलेली: ख्याल ऐकण्यासाठी कोणते स्पीकर घ्यावेत?

स्पीकर ऐकायला दुकानात गेलात की बहुधा सिनेमाचं गाणं नाहीतर ढोलताशा लागतो. तुम्ही तानपुरा लावायला सांगा. नुसता तानपुरा, दोन मिनिटं. आणि तो ऐकताना घरची खोली डोळ्यांसमोर ठेवा, कारण मुंबईत स्पीकर घेताना पैशाआधी खोली आडवी येते.

माझी खोली पार्ल्याला, दहा बाय आठ. तिथे मी आधी उंच, जमिनीवर उभे राहणारे टॉवर स्पीकर आणले होते. दुकानाच्या मोठ्या दालनात त्यांवर डग्गा इतका खोल बोलत होता की मी तिथेच होकार दिला. घरी आणून ख्याल लावला, तर तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार छेडली गेली की खोलीभर एकच हुंकार भरून राहायचा. पंचमाची तार आणि मधल्या षड्जाच्या जोड तारा त्याच्याखाली दबलेल्या. गायकाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल, तर तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६९ कंपनांच्या, आसपास येतो. आठ फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारा सर्वांत खालचा स्वर साधारण ७० हर्ट्झचा. म्हणजे माझी खोलीच खर्जात लागलेली होती! कोपऱ्यांत गाद्या रचून पाहिल्या. तबल्याच्या चाटेचा, म्हणजे कडेचा, टणक नाद बोथट झाला, घुमणं तसूभर कमी झालं नाही. शिवाय खालच्या मजल्यावरच्या काकूंना गाणं ऐकू जात नव्हतं, फक्त तो हुंकार जात होता.

टॉवर गेले आणि हार्बेथ पी३ईएसआर हे छोटे स्पीकर आले. जेमतेम फूटभर उंचीची, पूर्ण बंद पेटी. ही जात बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटर स्पीकरची. तो सत्तरच्या दशकात स्टुडिओबाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत, अडचणीच्या जागेत बसून आवाज नीट पारखता यावा म्हणून बनवला होता. हार्बेथचे संस्थापकही बीबीसीतलेच. कागदावर हा स्पीकर ७५ हर्ट्झपर्यंतच उतरतो, म्हणजे खर्जाच्या जरा वरच थांबतो. पण बंद पेटीचा आवाज त्याखाली एकदम तुटत नाही, उतारावरून उतरावा तसा कमी होतो. उरलेली भर छोटी खोली स्वतः घालते. आणि खर्ज आपल्याला कळतो तो बराचसा त्याच्या वरच्या स्वरांमधून, जवारीतून, म्हणजे घोडीवर तार घासून उमटणाऱ्या झणकारातून. वडिलांचा मिरजेचा तानपुरा त्याच खोलीत छेडायचा, मग ध्वनिमुद्रणातला ऐकायचा, असं मी अनेक रात्री केलं. तारेवरून बोट निसटतानाची ती बारीक सळसळ आणि मागून उलगडत जाणारा गंधार, दोन्ही इथे ओळखीचे वाटतात. बाईंच्या गळ्याची काळी चार असेल तर खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास, तिथे तर काही अडतच नाही.

हार्बेथची किंमत मात्र जड आहे, आणि संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत निघणारा आवाज, कमी: ८३.५ डेसिबल. शेजारी व्हार्फडेल लिंटन हा मोठा स्पीकर ठेवला तर त्याची ९०. तेवढ्याच आवाजासाठी हार्बेथला अँप्लिफायरची ताकद चौपटीहून जास्त लागते. हलक्या अँप्लिफायरवर तो मरगळलेला वाटेल, तेव्हा दोन्हींचा खर्च एकत्र धरा.

लिंटन मला मनापासून आवडतो, पण माझ्या खोलीत नाही. आठ इंची वूफर (खालचे स्वर वाजवणारा पडदा), ४० हर्ट्झपर्यंत उतार, पाठीमागे दोन पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करणारी भोकं. त्याला मागे मोकळी जागा हवी. भिंतीला चिकटवलात तर माझ्या टॉवरचीच गत. हॉल मोठा असेल, किंवा तुम्ही मुंबईच्या एनसीपीए नाट्यगृहात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकून येता आणि घरीही सिम्फनी लावता, तर हाच घ्या. डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची. छोटी बंद पेटी तिथपर्यंत पोचत नाही.

केईएफ एलएस५० मेटा या दोघांच्या मधला. त्यात ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा) वूफरच्या ऐन मध्यात बसवलेला असल्याने जुनी मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली, ध्वनिमुद्रणं लावली की गायक दोन स्पीकरच्या बरोबर मधोमध येऊन बसतो, हे इतरांपेक्षा इथे जास्त ठसतं. पाठीमागच्या पोर्टमध्ये फोमचा बोळा घातला की भिंतीजवळही चालतो. आकाशवाणीच्या जुन्या मैफलींवर जीव असणाऱ्याने हा आधी ऐकावा. माझ्या कानाला तारसप्तकात तो हार्बेथपेक्षा किंचित धारदार लागतो. सारंगी असेल तर हे विशेष जाणवतं.

अँप्लिफायर आतच असलेले अॅक्टिव्ह स्पीकर वायरींचा पसारा वाचवतात आणि छोट्या घरात ते सुख मोठं आहे. पण आपल्या दमट हवेत आतलं सर्किट बिघडलं की दुरुस्तीला अख्खा स्पीकरच उचलून न्यावा लागतो. दुरुस्ती जवळ कुठे होते, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

कोणताही घ्या, दुकानात एकदा आवाज अगदी खाली आणून ऐका. घरी निवांत ऐकायला मिळतं ते रात्री दहानंतर, आणि तेव्हा दार लोटून, शेजाऱ्यांना सांभाळूनच ऐकायचं असतं. त्या हळू आवाजातही विलंबितातली मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाताना कळली पाहिजे.

जुना स्पीकर घेत असाल तर जाळी काढून वूफरची कड बघा. रबराची असेल तर बरीच वर्षं टिकते. फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. समुद्राच्या हवेत फोम कुजतो, आणि बोटाला काळा चिकट भुगा लागला तर कड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोला.